स्वयंपाकघराच्या दारातून

टीव्ही गेला तेव्हा आवाज चालूच होता. संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या, पडदा एकदम काळा झाला आणि निवेदिका अंधारातून बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. पेचकस काढण्याआधी त्याने खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि पडद्याला जवळजवळ टेकवून तिरका धरला. "इकडे या, बघा," तो म्हणाला. मी वाकून पाहिलं. टॉर्चच्या वाटोळ्या उजेडात एक चेहरा हलत होता. फिकट, राखाडी, पण पुरा. कपाळ, टिकली, हलणारे ओठ. टॉर्च खाली सरकवला की चेहरा अंधारात जाई आणि तळच्या पट्टीतली अक्षरं धावताना दिसत.

"चित्र शाबूत आहे," तो म्हणाला. "मागचा दिवा गेलाय."

नऊ वर्षं ज्याच्यासमोर बसलो तो पडदा स्वतः उजेड देतच नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्याने टीव्ही गादीवर पालथा घातला, मागचं झाकण काढलं, सर्किट बोर्ड सोडवले. मग संच उलटून, काच दोन्ही हातांनी अशी उचलली की मी श्वास रोखून धरला. आत दुधी रंगाचे दोन-तीन पातळ कागद आणि त्यांच्याखाली पांढऱ्या पट्ट्या. पट्टीवर ओळीने बारीक एलईडी, प्रत्येकावर भिंगाची टोपी. गणपतीच्या आराशीतल्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तसंच इथे. एक एलईडी गेला होता आणि त्याच्यामागून सगळी रांग. "तुम्ही वर्षानुवर्षं उजेड शंभरावर ठेवलाय," तो म्हणाला. "घरात निम्मा पुरतो. दिवे जास्त टिकले असते."

त्याने पट्ट्या बदलल्या आणि चित्र आलं. मी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेलो होतो. तांब्या-भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलो आणि तिथेच थांबलो. तिथून जे चित्र दिसत होतं ते आमच्या टीव्हीचं नव्हतं. निवेदिकेची लाल साडी विटकी गुलाबी. काळे केस धुरकट. चेहऱ्यावर कुणी राख फासावी तसा रंग. दोन पावलं पुढे, सोफ्याच्या दिशेने सरकलो तर साडी पुन्हा लाल झाली. मागे दारात आलो, पुन्हा विटली.

ही दाराची जागा आईची. तिचं वय आता अठ्ठ्याहत्तर. ती टीव्हीसमोर फारशी बसलेलीच नाही. कढईत काहीतरी असतं, गॅसवर दूध असतं, हात कणकेत असतात, आणि ती चौकटीला खांदा लावून अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहून बघते. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "इथून सगळी माणसं फिकी दिसतात रे." मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू होताच, शस्त्रक्रिया झाली, डोळा स्वच्छ झाला. त्यानंतरही एकदा ती म्हणाली, "अजून फिकंच दिसतंय." मी म्हटलं, सवय व्हायला वेळ लागेल. तिच्या जागी उभं राहून बघावं हे मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. टीव्ही दुरुस्त झाला त्याच दिवशी मी ठरवलं की आपण नवा घ्यायचा, आणि तो दारातून पारखून घ्यायचा.

घरात पहिला टीव्ही आला तो शटरचा, कृष्णधवल. तेव्हा आम्ही पुण्यात वाड्यात राहायचो. गच्चीवर अँटेना, तिचं तोंड सिंहगडाकडे, कारण मुंबई दूरदर्शनचं प्रक्षेपण गडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात यायचं. बाबा वर अँटेना फिरवत, मी जिन्यात, ताई खाली टीव्हीपाशी. "मुंग्या आहेत!" "आता?" "गेल्या, गेल्या, तिथेच धरा!" आई तेव्हाही स्वयंपाकघराच्या दारातच. पण तेव्हा तिची तक्रार नव्हती, आणि ती का नव्हती हे मला आता कळतं. त्या जुन्या काचेच्या नळीत उजेड पडद्यावरच तयार व्हायचा. मागून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत आतल्या लेपावर आदळला की तो लेप स्वतः चमके, आणि असा उजेड सगळ्या दिशांना सारखा जातो. समोर बसलेले बाबा आणि कडेला उभी असलेली आई, दोघांना एकच चित्र. लाकडी पेटीत लाउडस्पीकर बसलेला असे, बहुतेक वेळा तोंड आपल्याकडे करून. तो डबा अवजड होता, पडदा फुगीर होता, खिडकीचं प्रतिबिंब त्यात स्पष्ट दिसायचं. पण दारातल्या बाईची सोय त्यात आपसूक होती. पुढे टीव्ही चपटा झाला तेव्हा ती सोय कधी गेली ते कळलंही नाही.

चपट्या पडद्याची गोष्ट सुरू होते १८८८ साली, प्रागमध्ये. फ्रीड्रिश राइनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवत होता आणि तो पदार्थ दोनदा वितळला. १४५.५ अंशांना घनाचा गढूळ द्रव झाला, १७८.५ अंशांना तो गढूळ द्रव नितळ झाला. मधल्या त्या गढूळ अवस्थेत पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याच्या रेणूंना स्फटिकासारखी शिस्त असते. हाच द्रवस्फटिक, एलसीडीमधला 'एलसी'. वीज लावली की हे लांबट रेणू वळतात. त्यांच्या पुढे-मागे एकाच दिशेचा उजेड पार जाऊ देणारे दोन पातळ पापुद्रे असतात, आणि रेणू कसे वळले त्यावर मागच्या दिव्याचा उजेड किती पुढे यायचा ते ठरतं. म्हणजे पडदा ही लाखो बारीक झडपांची जाळी आहे, आणि चित्र म्हणजे किती झडपा किती उघड्या याचा हिशेब.

आईची तक्रार या झडपांच्या ठेवणीत होती. एका प्रकारच्या पॅनेलमध्ये रेणू काचेवर काटकोनात उभे असतात. दुकानदार त्याला व्हीए म्हणतात. उभे रेणू उजेड घट्ट अडवतात, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. पण वीज लावल्यावर ते कलतात, आणि कललेली काडी समोरून वेगळी दिसते, कडेने वेगळी. म्हणून कडेने रंग विटतात. दुसऱ्या प्रकारात, आयपीएसमध्ये, रेणू काचेला समांतर आडवे पडलेले असतात आणि पडल्या जागीच फिरतात, त्यामुळे कडेने पाहिलं तरी रंग फारसा हलत नाही. पण त्यांना उजेड तितका घट्ट अडवता येत नाही. व्हीएमध्ये पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण तीन-चार हजारास एक असं सहज मिळतं, आयपीएसमध्ये हजारास एकच्या आसपास. दोन्हीच्या खोक्यावर मात्र पाहण्याचा कोन १७८ अंश असाच छापलेला असतो. त्या आकड्याची व्याख्या इतकी सैल आहे की पांढऱ्या-काळ्याचं प्रमाण घसरत दहास एक होईपर्यंतचा कोन त्यात धरतात. दहास एक म्हणजे आईला दिसणाऱ्या त्या राखेच्याही पलीकडचं चित्र. हा आकडा छापणाऱ्यांनी एकदा तरी कुणाच्या घरच्या दारात उभं राहावं असं मला फार वाटतं.

आमचा हॉल दहा बाय चौदा. टीव्ही चौदा फुटांच्या भिंतीवर मधोमध, सोफा समोर, डोळ्यांपासून पडद्यापर्यंत सव्वादोन-अडीच मीटर. स्वयंपाकघराचं दार डाव्या भिंतीत. मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, टीव्हीच्या मध्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत सुतळी ताणली आणि मोजलं तर कोन भरला चोपन्न अंश. हा आकडा मी चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवला. त्यानंतर वर्तमानपत्रं चिकटवून पंचावन्न इंची टीव्हीएवढा आयत केला, एकशे बावीस सेंटिमीटर बाय एकोणसत्तर, आणि भिंतीवर लावला. आई हात पुसत बाहेर आली, बघून म्हणाली, "एवढा? भिंत कुठे गेली?" तो काढून त्रेचाळीस इंचाचा लावला, पंचाण्णव बाय साडेत्रेपन्न. तो भिंतीला शोभला.

शोभण्याशिवायही एक हिशेब होता. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखतो. अडीच मीटरवरून ते होतं जवळजवळ पाऊण मिलिमीटर. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्याचा एक ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे तोच आमच्या सोफ्यावरून सुटा दिसत नाही, मग फोर-केचा त्याच्याही निम्मा ठिपका कुठला दिसणार? फोर-केचे त्र्याऐंशी लाख ठिपके आणि फुल एचडीचे एकवीस लाख, हा फरक कागदावर मोठा आहे, आमच्या हॉलमध्ये तो जवळपास शून्य. उलट बाजूचा हिशेब जास्त महत्त्वाचा. आई जी वाहिनी बघते ती साध्या दर्जाचीच येते, ५७६ ओळींची. त्रेचाळीस इंचांवर अशी एक ओळ होते ०.९३ मिलिमीटरची, म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल इतकी. पंचावन्नवर तीच होते जवळजवळ १.२ मिलिमीटर, आणि मग माणसांच्या कडा फुटलेल्या दिसायला लागतात. मोठा टीव्ही घेतल्यावर चित्र बिघडलं असं लोक सांगतात, ते उगाच नाही. पडदा वाढतो, येणारं चित्र तेवढंच राहतं.

तीन रविवार आम्ही तीन दुकानं पाहिली. सगळीकडे भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर तेच धबधबे, तेच पोपट, कापलेल्या कलिंगडाचा तोच लाल. ट्यूबलाइटच्या लखलखाटात शेजारच्या पन्नास टीव्हींपेक्षा उठून दिसावं म्हणून उजेड आणि रंग टोकाला नेलेले असतात. नवा टीव्ही पहिल्यांदा लावला की तो विचारतो, तुम्ही दुकानात आहात की घरी? विक्रेत्याला मी तेवढंच सांगायचो, "याला सांगा की आपण घरी आहोत." पहिल्या दुकानात त्यांनी नकार दिला, दुसऱ्या दुकानातल्या मुलाने मनापासून मदत केली. रंगाची पद्धत 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर आणली की पहिली काही मिनिटं चित्र पिवळट, मंद वाटतं. जरा थांबावं लागतं. डोळा निवला की पहिलं चित्र किती निळं होतं ते कळतं.

पारखायला मी पेनड्राइव्हवर एक सिनेमा नेला होता, प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६ सालचा, दामले-फत्तेलाल यांचा. रंगीत टीव्ही कृष्णधवल सिनेमावर तपासायचा याचं त्या मुलाला नवल वाटलं. पण रंगाची खोट करड्यात जशी उघडी पडते तशी रंगात पडत नाही. लाल जरा जास्त लाल झाला तर आपण खपवून घेतो. करडा मात्र निळसर झाला की लगेच खुपतो, कारण त्यात रंग असायलाच नको. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांच्या डोईवरचं पांढरं पागोटं हा माझा मुख्य निकष होता. 'व्हिव्हिड'वर ते चुन्याच्या गोळ्यासारखं सपाट झालं, एकही घडी दिसेना. 'सिनेमा'वर घड्या आल्या, घड्यांमधली सावली आली. ते चित्रीकरण आमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर, प्रभातच्या स्टुडिओत झालं. आता तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या दिव्यांखाली कुणीतरी ते पागोटं बांधलं, कुणीतरी उजेड असा लावला की घडी दिसावी. १९३७ मध्ये हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्या घड्या आपल्या घरात पुसल्या जाव्यात हे मला सोसणारं नव्हतं.

त्या काळचा सिनेमा आजच्या पडद्याइतका रुंद नाही. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या राहतात. कित्येक घरांत तो ताणून पडदाभर करतात आणि मग तुकारामाची बायको जिजाईसुद्धा बुटकी, जाडी दिसते. कुणी असं केलेलं दिसलं की मी विचारून रिमोट घेतो आणि नीट करतो, परक्या घरातही. चित्राची ताणलेली चौकट मला बघवत नाही. तर त्या काळ्या पट्ट्यांनीच माझी परीक्षा घेतली. व्हीए पॅनेलवर त्या रात्रीसारख्या काळ्या होत्या आणि समोरून तुकाराम इतका सुंदर दिसत होता की मी बराच वेळ जागचा हललो नाही. नंतर पाकिटातली चिठ्ठी काढली, अंदाजाने चोपन्न अंशांवर जाऊन उभा राहिलो. करडं सगळं धुऊन गेलं. आयपीएसवर उलट. कडेने चित्र होतं तसंच, पण समोरून, विशेषतः त्या मुलाने आमच्यासाठी कोपऱ्यातले दिवे मालवले तेव्हा, पट्ट्या कोळशासारख्या न दिसता पाटीवरच्या पुसलेल्या खडूसारख्या दिसल्या.

ओएलईडीत दोन्ही आहे. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, जुन्या नळीसारखा, आणि विझला की पुरता काळा. मी त्याच्यासमोरही उभा राहिलो. किंमत बाजूला ठेवली तरी आमच्या घरात सकाळी सातपासून वृत्तवाहिनी लागते, तळाशी तीच लाल पट्टी, कोपऱ्यात तेच बोधचिन्ह. एका जागी स्थिर राहणारा असा ठळक रंग ओएलईडीवर वर्षांनी कायमचा डाग सोडू शकतो. आईची बातम्यांची वेळ मी कापणार नव्हतो.

म्हणजे माझा तुकाराम की आईचं दार, एवढाच प्रश्न उरला. मी सिनेमा रात्री अकरानंतर बघतो, एकटा, महिन्यातून दोन-तीनदा. ती रोज उभी असते.

तरी ठरवण्याआधी आवाज ऐकायचा होता. आई म्हणते, "आवाज येतो, शब्द येत नाहीत." वयानुसार कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडतो. स, श, फ हे तिथले आणि मुळातच हलके. अ, आ, ओ खालच्या पट्टीतले, दणकट. टीव्हीचा आवाज वाढवला की स्वर आणखी दणाणतात आणि व्यंजनं होती तिथेच बुडून राहतात. त्यात चपट्या टीव्हीला स्पीकर बसवायला जागा नसते, म्हणून त्याचं तोंड खाली किंवा मागे असतं आणि आवाज भिंतीवर, जमिनीवर आपटून येतो. दुकानात आई टीव्हीकडे पाठ करून उभी राहिली. मी तिला तसं सांगितलं होतं. ओठ दिसले की माणूस नकळत ते वाचतो. सह्याद्रीच्या बातम्या लावल्या आणि ती एकेक मथळा पुन्हा म्हणून दाखवत गेली. एका संचावर पाचातले दोन कळले. त्याच संचाखाली समोर तोंड असलेला छोटा साउंडबार जोडून संवाद स्पष्ट करणारी पद्धत लावली तर चार. आवाजाचा आकडा मी दोन्ही वेळा सारखाच ठेवायला लावला होता. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याचं वर्णन मी करत नाही.

बाकीच्या गोष्टींवर मी फार वेळ घालवला नाही. आतली ॲप्स सगळ्यांत सारखीच. एचडीआरचा शिक्का सगळ्यांवर, पण त्याला लागणारा प्रखर उजेड आमच्या बेताच्या पैशांत मिळत नाही. सिनेमाची सेकंदाला चोवीस चित्रं वाढवून हालचाल गुळगुळीत करणारी सोय घरी येताच बंद करायची हे आधीच ठरलं होतं. क्रिकेटला ती चालते, तुकारामाला नाही.

आयपीएसचा त्रेचाळीस इंची संच घेतला. तोही नीट बघून, कारण त्याच मॉडेलच्या पंचावन्न इंचीत दुसरं पॅनेल होतं. भिंतीवर लावायला आलेल्या मुलाने खुणा छातीच्या उंचीवर केल्या होत्या, त्या मी वीतभर खाली घ्यायला लावल्या. जेवताना आम्ही खाली बसतो. मागचा उजेड पंचेचाळीसवर आणला. आणि टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूने, एक लहान पांढरा दिवा लावला. काळं किती काळं ते डोळा शेजारच्या उजेडावरून ठरवतो. मागची भिंत मंद उजळली की पडद्यावरच्या त्या खडूच्या पट्ट्या बऱ्याच काळ्या वाटतात. दुरुस्तीवाल्याने टॉर्च पुढून धरला होता, मी दिवा मागून लावला.

जुना टीव्ही मुलीच्या खोलीत गेला. ती त्याच्या अगदी समोर बसते, तिला तो उत्तम आहे.

नवा लावला त्या संध्याकाळी मी वेळ न बघता 'संत तुकाराम' लावला. जिजाई हातात वहाण घेऊन देवळात शिरते आणि विठोबाला जाब विचारते, तो प्रसंग चालला होता. डावीकडे भांड्याचा आवाज झाला म्हणून बघितलं तर आई चौकटीला खांदा लावून उभी, हातात पक्कड. मी रिमोट उचलून आवाज वाढवायला गेलो, तिने हातानेच नको म्हटलं. मी सोफ्यावर सरकून जागा केली आणि म्हटलं, "अगं, इथे समोर ये ना, बस."

"कुकर लावलाय," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "इथून दिसतंय."